अंगठा बाहेर

मी दांडा बोलतोय. मोटारीचा दांडा. शिकलेली माणसं मला हँडल म्हणतात. पण मी शिकलेला नाही, तेव्हा मला दांडाच बरा वाटतो.

दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली लोखंडी सळई, एवढंच माझं रूप. एक टोक मोटारीच्या नाकातून आत इंजिनाच्या तोंडात घालायचं, दुसरं हातात धरायचं आणि गरकन फिरवायचं. इंजिन जागं होतं. आताच्या गाड्यांना बटण असतं, तरी बॅटरी दमली की सगळ्यांना माझीच आठवण येते.

माझा जन्म मारात झाला. विलायतेत एका भट्टीत मला लाल होईपर्यंत ठेवलं, चिमट्यानं ओढून ऐरणीवर घातलं आणि घणानं बडवलं. ओरडायला तोंड नव्हतं. पाण्यात बुडवलं तेव्हा चर्र झालं, तेवढंच माझं रडणं. मार खाल्ला म्हणून आकार आला, असं तिथला लोहार म्हणत असे. मी इतकंच म्हणेन, की मार खाल्ला.

माझ्या वाट्याला गाडी मात्र देखणी आली. लाल, दोन दारांची, लांब नाकाची, शर्यतीच्या घाटणीची. बोटीतून मुंबई, तिथून रेल्वेच्या उघड्या डब्यातून इंदूर. संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं तेव्हाची गोष्ट. गाडी घेतली होती दौलतरावांनी. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या रिसाल्यातली नोकरी. फौज मोडली, घोडा गेला, वर्दी पेटीत गेली. पण मांड ठोकून बसायची सवय जात नाही. घोड्याच्या जागी त्यांनी ही गाडी आणली.

आम्ही घरी पोचलो ती खंडेनवमी होती. पाटावर तलवारी, भाला, कट्यार मांडून ठेवलेल्या. दौलतरावांनी मला गाडीतून काढलं आणि तलवारींच्या रांगेत ठेवलं.

"सरकार, हा हत्यारांत नको," चिंतामण म्हणाला. चिंतामण म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. वीस वर्षं राजवाड्याच्या मोटारखान्यात काढलेली, सही येत नव्हती, पण इंजिन कानानं वाचायचा. "हे अवजार आहे. माझ्या पान्यांपाशी ठेवतो, तिथे हळदकुंकू लावू."

"दौलतरावाच्या घरात पाने पुजायचे?" दौलतराव हसले. "राहू दे इथेच. आजपासून हा आमचा घोड्याचा लगाम आणि हीच तलवार."

मला कुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. लोखंडालाही मान आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणनं मला पहिल्यांदा इंजिनात घातलं. बटण असलं तरी सकाळचं गार इंजिन तो हातानंच जागं करायचा. धरायची त्याची एक रीत होती. चार बोटं एका बाजूला, आणि अंगठाही त्याच बाजूला. मूठ वळवायची नाही. दौलतरावांनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "अंगठा बाहेर ठेवायचा, सरकार. इंजिन कधी उलटं मारतं. अंगठा बाहेर असला तर दांडा हातातून निसटून जातो. आत असला तर मनगट घेऊन जातो."

त्यानं फिरवलं आणि मला आतून लाथ बसली. आत आग वेळेआधी पेटली होती. मी त्याच्या हातातून सुटून उलटा गरगरलो आणि बंपरवर आदळलो. चिंतामणनं हात झटकला, माझ्याकडे बघितलं.

"टायमिंग आगे है," तो स्वतःशीच म्हणाला.

ठिणगी पाडणारा एक डबा इंजिनाला असतो. तो कारखान्यातच नखभर चुकीचा बसला होता. त्यामुळे बटणानं गाडी सुरू व्हायची, सपाटीवर गोड चालायची, पण चढावर तिला दम लागायचा. दुरुस्ती दोन मिनिटांची. बोल्ट ढिला करायचा, डबा नखभर फिरवायचा. पण त्या बोल्टवर तारेत ओवलेलं शिशाचं सील होतं. गॅरंटीच्या कागदात लिहिलं होतं, सहा महिन्यांत काही बिघडलं तर कंपनी बघेल; पण कंपनीच्या माणसाशिवाय कुणी सील तोडलं तर गॅरंटी संपली.

"सरकार, तोडू का? दोन मिनिटांत होईल."

"सीलला हात लावशील तर हात तोडून ठेवीन," दौलतराव म्हणाले. तेव्हा ते रागात नव्हते. सहज बोलले.

दिवाळीनंतर दौलतराव गाडी घेऊन सिमरोलचा घाट चढायला निघाले. स्वतः चाकावर, चिंतामण शेजारी. अर्ध्या घाटात आत टक टक टक सुरू झालं. मला माझी भट्टी आठवली. अगदी तसेच घण आत पडत होते, फक्त वेळेआधी. चिंतामण म्हणत होता, "सरकार, सोडा, पाय सोडा." दौलतरावांनी पाय आणखी दाबला. थकलेल्या घोड्याला टाच मारतात तसा. नाकातून वाफ निघाली आणि गाडी आडवी उभी राहिली.

मागून एक लॉरी आली. लॉरीवाल्यानं मान बाहेर काढली. "क्या भिया, चाय बना रहे हो? दो कप इधर भी!"

लॉरीवरची माणसं हसली. दौलतरावांचे कान लाल झाले. "झाकण उघड," ते चिंतामणला म्हणाले.

"जरा निवू द्या, सरकार. आत पाणी उकळून राहिलंय."

"उघड म्हणतो ना!"

चिंतामणनं फडकं घेऊन झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं आणि त्याच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत पडलं. कातडी फडक्याला चिकटून आली. तो ओरडला तशी दौलतरावांनी त्याच्या थोबाडीत मारली. लॉरी तोवर पुढे निघून गेली होती. मी तेव्हापासून बघत आलोय, राग एकावर असतो आणि मार पडतो तो हाताशी असलेल्यावर.

इंदूरच्या छावणी भागात कंपनीचं वर्कशॉप होतं. तिथले इंजिनिअर अच्युतराव. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, वागणं सभ्य. त्यांनी पहिल्या खेपेला प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला गॅस्केट. तिसऱ्या खेपेला पिस्टनला भोक पडलेलं निघालं, तेही बदललं. सगळं गॅरंटीत. प्रत्येक खेपेला ते बटण दाबायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "दौलतरावजी, शिवणाच्या मशीनसारखं चालतंय." सीलकडे ते बघायचे आणि मान हलवायचे. कारखान्यानं लावलेलं सील. त्याच्या खाली चूक असेल हे त्यांच्या मनात येत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी कागदावर लिहून दिलं: ड्रायव्हर नव्या गाडीला मारून चालवतो, पुढे बिघाड झाल्यास जबाबदारी त्याची.

तो कागद चिंतामणला वाचता आला नाही, पण चार दिवसांत सगळ्या शहरानं त्याला वाचून दाखवला. मोटारखान्यातले जुने सोबती रस्त्यात भेटले की विचारायचे, "क्यों चिंतामण, सरकार की घोड़ी मार डाली?" ड्रायव्हरला घर नसलं तरी चालतं, नाव लागतं. गाडी मारणारा म्हणून एकदा नाव झालं की त्याच्या हातात कुणी चाक देत नाही. चिंतामण मला तेल लावताना म्हणायचा, "तुलाच माहीत आहे रे बाबा. तूच सांग यांना."

मी सांगत होतो. रोज सकाळी लाथ मारून सांगत होतो. पण मला हातात धरणारा तोच एक. बाकी सगळे बटण दाबणारे.

गॅरंटीचे सहा महिने चैत्रात संपत होते. शेवटच्या दिवशी, भर दुपारी, गाडी पुन्हा छावणीत नेली. वर्कशॉपच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली. अच्युतरावांनी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. जरा ऐकून त्यांनी ते बंद केलं.

"बघा. काही नाही."

"साहेब, एकदा हातानं फिरवा," चिंतामण म्हणाला. त्याच्या हातावरचं भाजलेलं अजून तांबडं होतं. "गरम असली की ती जास्तच मारते. ती तुम्हाला स्वतः सांगेल."

अच्युतराव हसले. "बटण असताना हातानं कशाला?"

"गावभर माझं नाव बुडून राहिलंय, साहेब. एकदाच फिरवा."

"पुरे!" दौलतराव ओरडले. "सगळ्या गावात माझ्या गाडीची बोंब केलीस. आण तो दांडा. मीच फिरवतो. काही झालं नाही तर आज तुझं तोंड फोडतो."

त्यांनी मला इंजिनात घातलं आणि धरलं. तलवारीची मूठ धरतात तसं. बोटं इकडून, अंगठा तिकडून, घट्ट.

"अंगठा बाहेर, सरकार! अंगठा बाहेर!"

"तू मला मूठ धरायला शिकवतोस?"

फिरवलं. आत आग वेळेआधी फुटली. मला थांबता येत नाही. लोखंडाला थांबायचं ठरवता येत नाही. मी उलटा फिरलो आणि त्यांचं मनगट सोबत घेऊन गेलो. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

दौलतराव क्षणभर हाताकडे बघत राहिले. हात भलतीकडेच वळला होता. मग त्यांनी डाव्या हातानं मला ओढून काढलं.

पहिला घाव चिंतामणच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, त्यानं उजवा हात वर केला, तो कोपराखाली मोडला. हाड मोडलं ते मला कळलं. तो मडगार्डवर कोसळला, हात पत्र्यावर टेकला, आणि तिसरा घाव बोटांवर पडला. लाल पत्र्यावर रक्त दिसत नाही म्हणतात. दिसतं. चौथा, पाचवा मी मोजला नाही. आठ-दहा माणसं उभी होती. एकजण "अरे, अरे" म्हणत होता. पुढे कुणी आलं नाही.

"थांबा!" अच्युतराव किंचाळले. "दौलतरावजी, थांबा! तिनं उलटं मारलं. मी पाहिलं!"

त्यांनी पकडीनं सीलची तार तोडली. बोल्ट ढिला केला. डबा नखभर फिरवला. मग दौलतरावांच्या हातून मला काढून घेतलं. मी ओला होतो. मला इंजिनात घातलं आणि चिंतामण धरायचा तसं धरलं, अंगठा बाहेर ठेवून. फिरवलं.

लाथ नाही, धक्का नाही. इंजिन जागं झालं आणि गुणगुणायला लागलं. दोन मिनिटं लागली असतील, तीही नाहीत.

"चूक आमची आहे," अच्युतराव म्हणाले. अगदी हळू, पण अंगणात सगळ्यांना ऐकू आलं.

चिंतामण चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. तोंडातून रक्त येत होतं. त्यानं मान वर केली. "ऐका, सरकार," तो म्हणाला, "किती गोड चालून राहिली."

कंपनीनं पुढे अख्खं इंजिन बदलून दिलं. गॅरंटीतच. चिंतामणच्या बायकोला, शांताला, हे इस्पितळात कुणीतरी चांगली बातमी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "इंजिन बदलून मिळालं का? बरं झालं. आता ह्यांचा हात कुठे बदलून मिळतो तेही विचारून या."

पुढची खंडेनवमी आली. दौलतरावांनी वाकड्या मनगटानं तलवारी मांडल्या, शेवटी मला आणलं. त्यांच्या पत्नी, इंदिराबाई, दिवा लावत होत्या. त्यांनी मला पाटावरून उचलून खाली ठेवलं.

"ह्याला रक्त लागलंय."

"इथल्या कोणत्या तलवारीला लागलं नाही?"

"ते शत्रूचं असेल. हे घरच्या माणसाचं आहे."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दौलतरावांनी आपट्याची पानं घेतली, मला काखेत धरलं आणि जुनी इंदूर भागात चिंतामणच्या घराकडे निघाले. चालत. त्या घराण्यातला माणूस ड्रायव्हरकडे सोनं द्यायला चालत गेलेला मी तरी ऐकला नव्हता.

दारात शांता उभी होती. "पायी आलात, सरकार? का, परत बंद पडली?"

"नाही," दौलतराव म्हणाले. "चांगली चालते. मला तिच्यात बसवत नाही."

चिंतामण ओट्यावर आला. दौलतरावांनी पान पुढे केलं. त्यानं उजवा हात पसरला, पण बोटं मिटेनात. पान खाली पडलं. दौलतराव वाकले, त्यांनी ते उचललं आणि त्याच्या डाव्या हातात ठेवलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय," ते म्हणाले. "मोटारखान्यात जाऊन, उभं राहून. चूक गाडीची होती, तुझी नव्हती. नंतरची माझी."

"बसा, सरकार," चिंतामण म्हणाला.

शांतानं बसा म्हटलं नाही. पाणी मात्र आणून दिलं. त्यांनी मला पुढे केलं, "हा कुठे ठेवू?" तेव्हा ती म्हणाली, "आत नको."

म्हणून मी बाहेर आहे. ओट्याच्या कडेला, भिंतीला टेकून. मला शांताचं पटतं. चिंतामणनं माफ केलं असेल, तो त्याचा स्वभाव. पण कुणीतरी आठवण ठेवायला हवी, आणि ती ठेवते. आता मध्यभारतही मोडून नवं राज्य होणार, असं ओट्यावर बोलतात. होईना का. मला गंज चढतोय, वाकवलेल्या जागी खपल्या निघतात.

एवढंच मागतो. कुणाच्या हातात कधी माझ्यासारखं काही आलं, तर मूठ आवळू नका. ताकद माझी नसते. आधी ती इंजिनाची होती, मग दौलतरावांची होती. मी फक्त मधे होतो. आणि मधे असणं हेही काही लहान पाप नाही, हे मी इथे बसून समजलोय.

संध्याकाळी चिंतामण येऊन शेजारी बसतो आणि उजवा हात माझ्यावर टेकवतो. रस्त्यानं गाडी गेली की कान देऊन ऐकतो. चार बोटं या बाजूला, अंगठाही याच बाजूला. तसं तो पूर्वीही धरायचा. आता त्याचा अंगठा आत वळतच नाही.