दाबलेला कृमी

बेडकाच्या मूत्राशयातला चपटा कृमी असतो तांदळाच्या दाण्याएवढा, पण प्राणिशास्त्राच्या सरांनी त्याच्यापायी अख्खी हयात घालवली होती. त्याची जात ओळखायची ती चूषकांवरून, म्हणजे ज्या वाट्यांनी तो आत चिकटून बसतो त्यांवरून. त्यासाठी त्याला दोन काचांमध्ये धरून हलकेच दाबायचं. हे काम त्यांच्या मदतनीस मुलीचं, स्लाइडवालीचं. हे नाव सरांनीच ठेवलेलं, आणि तिच्या हाताचं ते चारचौघांत तोंड भरून कौतुक करत.

त्या शुक्रवारी मात्र तिला घरी जायची घाई होती. काचेवर ठेवायचं छोटं वजन सापडेना, म्हणून तिने रंगाची भरलेली बाटलीच ठेवली आणि निघाली. सोमवारी बघते तर काचेखालचे तिन्ही कृमी पार पसरलेले. तिने त्यांच्या तशाच स्लाइड करून टाकल्या. कोण एवढं बघतंय, असं तिला वाटलं.

सरांनी बघितलं.

"अगं, एवढे रुंद चूषक! ही नवीन जात आहे!" म्हातारा खुर्चीतून उडालाच. स्लाइड तिच्या हातची, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. जातीला ते बायकोचं नाव देणार होते. काकूंनी तीस वर्षं त्यांच्या कृमींची चित्रं काढली होती, पण एकाही लेखावर त्यांचं नाव आलं नव्हतं. आता त्यांचे हात थरथरत आणि अंथरूण सुटत नव्हतं.

महिनाभर स्लाइडवालीला अन्न गोड लागलं नाही. लेख पाठवायच्या दिवशी सकाळी तिने सगळं सांगून टाकलं.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाटली भरलेली होती?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग लेखाचा गठ्ठा कपाटात टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा होता.

"हो, पाठवला," सर म्हणाले. मोजमापात केसाएवढी तफावत खपवून न घेणारा माणूस! त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"तुझे उपकार गं पोरी," काकू म्हणाल्या. "तुझ्या हलक्या हातामुळे झालं हे."

समोर सर स्लाइडच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने जुन्याच जातीचं नाव लिहीत होते.

"हो, काकू," ती म्हणाली.