तयार आवाज

दोघांच्याही गळ्याला सारखाच पांढरा सुती रुमाल होता, पण दोन्ही रुमाल सारख्या गतीने हलत नव्हते. विजयसिंहचा सावकाश आत ओढला जाई आणि तितकाच सावकाश फुगे. समोर बसलेल्या आकारामचा मात्र भराभर थरथरत होता. गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची सवय लागायला वेळ जातो, हे विजयसिंहच्या बायकोला, निशिगंधाला, माहीत होतं. आकारामचं ऑपरेशन अलीकडचंच असणार.

तिने टॅब त्याच्या मांडीवर ठेवला.

"चित्रावर बोट टेकवायचं. जोर लावायची गरज नाही."

आकारामने शेजारी बसलेल्या बायकोकडे, बयाबाईकडे पाहिलं. मग तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"पानी दे की!" टॅबमधून खणखणीत आवाज आला.

बयाबाई दचकली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया! त्या फोनमधली बाई बातम्या दिल्यागत बोलती. हे आपलं बोलनं हाय."

"आपलंच आहे," पृथ्वीराज म्हणाला. तो विजयसिंहचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात फाइल होती. "आमच्या दादाचा आवाज. वीस वर्षं फुटबॉलच्या मॅचला माईकवर हाच होता. अख्ख्या कोल्हापूरनं ऐकलाय."

आकारामने टॅब अलगद उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"काय झालं?" पृथ्वीराजने विचारलं.

आकारामने खिशातली पाटी काढली, काहीतरी खरडलं आणि बायकोपुढे धरली. तिने ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

"आता काय सांगू! आमी मंगळवार पेठंतलं. मालक म्हनत्यात, ह्यो आवाज आमी गोल खाल्ला की माईकवरनं चिडवायचा. जलमभर मुकं ऱ्हाईन, पर शिवाजी पेठंच्या आवाजात बोलनार न्हाय."

विजयसिंहचे खांदे हलले. तो हसत होता. त्याने टॅब सुलटा केला आणि एका चित्रावर बोट मारलं.

"ऑफसाइड! ऑफसाइड!"

आकारामही हसला. दोन माणसं हसत होती आणि खोलीत हसण्याचा आवाज नव्हता.

हा प्रोग्रॅम निशिगंधाने विकायला म्हणून लिहिला नव्हता. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून घरी आल्यावर ती रोज संध्याकाळी थोडा थोडा लिहीत गेली. त्याआधी, ऑपरेशनची तारीख ठरल्यावर हातात उरलेल्या दिवसांत, स्वयंपाकघराचं दार लावून तिने नवऱ्याची वाक्यं एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. काहींच्या मागे कुकरची शिट्टी होती. ती तिने काढली नाही. पुढे डॉक्टरांनी हा प्रोग्रॅम इतर पेशंटना दाखवला आणि बाहेरगावचे फोन येऊ लागले. कंपनी काढायची हे पृथ्वीराजच्या डोक्यातून आलं. ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना विजयसिंहचा तयार आवाज द्यायचा, प्रत्येक जिल्ह्यात. दिवाळीपासून कंपनीचे कागद घरात होते. विजयसिंहने आल्या दिवशीच सही केली होती, आणि त्या दिवसापासून तो घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालू लागला होता. निशिगंधा एवढंच म्हणत आली होती, "विचार करते."

"पुन्हा एकदा बघा," पृथ्वीराज आकारामला म्हणाला. "पेठेचं सोडा हो, पावणं. घरात बोलायला तर होईल?"

आकारामने मान डोलावली. तो चित्रं पुढे सरकवत गेला. पंखा, चहा, औषध. एका ताटाच्या चित्रापाशी थांबला. बायकोकडे बघत त्याने त्यावर बोट टेकवलं.

"जेवलीस का?"

हे वाक्य बाकीच्यांपेक्षा हळू होतं. माईकवरचा आवाज त्यात नव्हता. शेवटच्या अक्षरावर सूर थोडा खाली उतरत असे.

बयाबाईचं हसू गेलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येणारी निशिगंधा दारातच थांबली.

"नगं," बयाबाई हळूच म्हणाली. "मॅडम, रागावू नका. तुमचं यंत्र झ्याक हाय. पर परक्या मानसानं मला जेवलीस का म्हनून इचारायचं, आनि मी व्हय म्हनायचं? जमायचं न्हाय मला."

आकारामने टॅब परत टेबलावर ठेवला.

"ह्यांचा सोताचा आवाज घालता यील का? पुतनीच्या लग्नातला व्हिडिओ हाय माझ्याकडं."

तिने फोन काढला. निशिगंधाने ट्रे ठेवला आणि फोन कानाला लावला. बँड वाजत होता. त्याच्याखाली कुणीतरी ओरडत होतं, "अरे, पंगत बसवा!" तिने ते तीनदा ऐकलं.

"एवढ्यावर होणार नाही," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी घ्यावा लागतो."

"आदी?" बयाबाईने विचारलं. "मग आदी का न्हाय कुनी सांगिटलं? चांगला आठवडाभर दवाखान्यात बसून हुतो की आमी. येळच येळ हुता."

निशिगंधाने फोन तिच्या हातात परत दिला. ऑपरेशनच्या आधी पेशंटना भेटून जा, असं डॉक्टरांनी तिला दोनदा सुचवलं होतं. एकदा तिने परीक्षेचं कारण दिलं होतं, एकदा पेपर तपासायचं. पुन्हा कुणासमोर तशी बसायची, आणि आता हे म्हणा, आता ते म्हणा, असं सांगायची तिची तयारी नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"तुमचं कशापायी चुकंल?" बयाबाई म्हणाली. "च्या द्या तेवढा. गार हुतोय."

चहा घेऊन ती दोघं गेली. जाताना आकारामने विजयसिंहचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला.

पृथ्वीराजने फाइल उघडली.

"वहिनी, एक माणूस रुसला म्हणून काय बिघडत नाही. नागपूरच्या माणसाला काय कळणार, आवाज कुठल्या पेठेचा ते? डॉक्टर कंपनीचं चार वेळा विचारून गेले. आज काय ते होऊ दे की."

विजयसिंहने कागद तिच्यापुढे सरकवला, पेन त्यावर ठेवलं आणि टॅबवर बोट मारलं.

"चला, चला! शेवटची मिनिटं!"

ते त्याचं मैदानावरचं वाक्य होतं. पृथ्वीराज हसला. विजयसिंह तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे माईक हातात आल्यासारखे झाले होते.

निशिगंधा खुर्चीत बसली. पेन उचलून तिने कागदाच्या बाजूला ठेवलं.

"कंपनी काढू या," ती म्हणाली. "मी कॉलेजात राजीनामा देते. ऑपरेशनच्या आधी वॉर्डात जाऊन ज्याची त्याची वाक्यं मी स्वतः घेईन."

"अहो वहिनी, एवढा वेळ कुणाकडं आहे? आणि तयार आवाजाचं काय?"

"तो नाही द्यायचा."

पृथ्वीराजने भावाकडे पाहिलं. विजयसिंहने हात पुढे केला. टॅब समोरच होता, पण त्याने पेन उचललं, कागद स्वतःकडे फिरवला आणि तिच्या सहीसाठी सोडलेल्या जागेत एकच शब्द लिहिला.

का?

तिने तो वाचला. द्यायला तिच्याकडे कारणं होती. कुकरची शिट्टी होती, पेठा होत्या, बाकीच्या जिल्ह्यांतली बोली होती. सगळी खरी होती. तिने पृथ्वीराजकडे पाहिलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "तो मला एकटीला हवाय."