डिसबाईंचा तास

"पेनं खाली," बाई म्हणाल्या. "आधी तोंडाने म्हणायचं. लिहिणं मग."

चाळीस पेनं बाकांवर टेकली. नर्सिंग स्कूलचं पहिलं वर्ष, सकाळचा दुसरा तास, आणि मी शेवटच्या बाकावर मांडीवर कोरा कागद घेऊन बसलेली. कागद प्राचार्यांनी दिला होता. बाईंचं बोलणं मुलींना कळतं की नाही ते बघायचं आणि दुपारपर्यंत लिहून द्यायचं. कळत नसेल तर बाईंनी वर्गावर जायचं नाही, निवृत्तीला उरलेली तीन वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली लावायच्या. बाईंनीच मला शिकवलं, आणि आता मी त्यांच्याच हाताखाली शिकवते. "तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हीच बघा," असं म्हणून प्राचार्यांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं. असली कामं नेमकी जवळच्यांच्याच वाट्याला का येतात, कोण जाणे.

डिसबाई हे नाव आमच्याही आधीच्या बॅचने ठेवलेलं. दरवर्षी पहिल्या महिन्यात त्या 'डिस्'ने सुरू होणाऱ्या शब्दांचा एक तास घेत, आणि तो तास कुणी विसरत नसे. "ग्रीक लोक गेले आणि कुरकुर तेवढी आपल्यासाठी ठेवून गेले," असं त्या आम्हाला सांगायच्या. "शब्दाच्या तोंडाशी डिस् दिसलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. डिस्प्निया, श्वास बिनसला. डिस्युरिया, लघवी बिनसली. डिस्फेजिया, गिळणं बिनसलं." आणि त्यांचा नियम एकच. बाई शब्द जसा म्हणतील तसाच वर्गाने तीनदा म्हणायचा, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. वॉर्डातून फोनवर शब्द वेडावाकडा गेला की रुग्णाचे हाल होतात, हे त्यांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

गेले दोन महिने बाईंची जीभ जड झाली होती. नवी कवळी बसत नाही, असं त्या सांगत. आम्ही टीचर्स रूममधल्या बायका, सगळ्या नर्सिंग शिकून नर्सिंग शिकवणाऱ्या. कवळीने माणूस असा बोलत नाही हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण मान डोलावणं सोपं होतं. मीही डोलावली.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाला एक हात टेकवून त्या वर्गाकडे वळल्या आणि पहिला शब्द म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो "डिश्शनिया" असा आला.

"डिश्शनिया," वर्ग म्हणाला. "डिश्शनिया. डिश्शनिया."

हसलं कुणीच नाही. हसायचं कशाला? या पोरींनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मॅडम म्हणाल्या तसा, जिभेचा तोच ओघळ सांभाळून, त्यांनी तो मन लावून म्हटला.

"डिशफेया," बाई म्हणाल्या.

"डिशफेया. डिशफेया. डिशफेया."

बाई थांबल्या. दोन महिने स्वतःचा आवाज त्या आतून ऐकत होत्या. आतून तो बहुधा पूर्वीसारखाच वाटत असावा.

"परत म्हणा," त्या हळूच म्हणाल्या.

आपलंच चुकलं असं वाटून मुलींनी आवाज चढवला. चाळीस निरोगी तोंडांतून बाईंचा आजार खणखणीत ऐकू आला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाईंनी मुलींच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. "मी अशी बोलते?"

मी होकारार्थी मान हलवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले, तेही तोंड न उघडता. मला माझीच लाज वाटली.

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, डिस्आर्थ्रिया. "हा त्या म्हणतील," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. मी उभी राहून शब्द म्हटला, मुलींनी तो तीनदा म्हटला, स्वच्छ. "उच्चार बिनसला," मी अर्थ सांगितला. तेवढ्यात बाईंनी खुर्ची पुढे ओढली, वर्गाकडे तोंड करून बसल्या, कवळी काढली आणि टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली.

"रुग्ण तपासा," त्या म्हणाल्या. आता तर शब्द आणखीच विरघळले होते, पण मुलींना कळलं.

पहिल्या बाकावरची उंच मुलगी टॉर्च घेऊन पुढे आली. "जीभ बारीक झालीय," ती वर्गाला सांगू लागली. "कडेला खड्डे पडलेत. आणि... आतल्या आत वळवळतेय."

"विचार," बाई म्हणाल्या.

"गिळताना त्रास होतो का?"

"पाणी... नाकातून येतं."

दुपारचा डबा त्या आमच्याबरोबर खाईनाशा झाल्या होत्या, आणि आम्ही समजत होतो की बाईंना आताशा एकटं बसायला आवडतं.

"कधीपासून होतंय?"

बाईंनी पाच बोटं दाखवली. "महिने." मग मला म्हणाल्या, "हे सगळं लिही. जसं आहे तसं."

मी कागदावर लिहायला लागले. बाईंच्या तोंडून शब्द मुलींपर्यंत नीट पोचत नाहीत, हे शेवटी मला लिहावंच लागणार होतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. आल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मॅडम," ती म्हणाली, "हे बरं होतं का?"

मी ताडकन उभी राहिले. रुग्णासमोर असं विचारायचं नसतं, तास संपला, असलं काहीतरी बोलून मी तो प्रश्न तिथेच बुडवणार होते. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"विचारलंस ते बरं," त्या एकेक अक्षर उचलत म्हणाल्या. "रुग्णाला बोलू द्यायचं. त्याचा शब्द... आपण पुरा करायचा नाही. थांबायचं."

मग त्यांनी ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा 'ना' आला आणि तिथेच अडकला. बाईंनी रुमालाने हनुवटी पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. पुढचं अक्षर काय ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं. चाळीस मुली तोंडं मिटून, बाईंकडे बघत थांबून राहिल्या.