शीळ घालणारा पाइप

माझ्या नवऱ्याला गाडीतलं सगळं कळतं. गाडी कशासाठी घेतलीय, तेवढंच तो विसरतो. आमची गाडी सासऱ्यांसाठी होती. त्यांची फुप्फुसं कामातून गेलेली. दम लागला की तडक हॉस्पिटल गाठावं लागे, आणि हॉस्पिटल ओढ्यापलीकडे. ओढ्यावर पूल म्हणावा असा पूल नव्हता. बुटकी फरशी होती. वर धरणाचे दरवाजे उघडले की तिच्यावरून पाणी वाहायचं. अशा गाडीला हा कोल्ड एअर इंटेक बसवायला निघाला.

"ते काय असतं?" मी विचारलं.

"इंजिनलाही श्वास लागतो ना, ती हवा गार हवी. बॉनेटखालची तापलेली असते. गार हवा मिळाली की गाडी कशी उचल खाते बघ."

"घरात माणसाला श्वास पुरत नाही आणि तू इंजिनचं घेऊन बसलायस."

तो हसला. मी काही बोलले की तो हसतो, आणि त्याला हवं तेच करतो.

गॅरेजवाल्याने टेबलावर दोन पाइप ठेवले. एक आखूड, एक लांब. आखूड पाइपचा फिल्टर वरच, इंजिनाशेजारी बसणार होता. तिथली हवा कोमट, पण जागा कोरडी. लांब पाइप खाली वळून बंपरच्या मागे, चाकाजवळ जायचा. तिथे हवा गार मिळते. नवऱ्याची नजर लांब पाइपवरून हलेना.

"आणि फरशीवर पाणी असलं तर?" मी विचारलं.

"वहिनी बरोबर बोलल्या," गॅरेजवाला म्हणाला. "फिल्टर बुडाला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढणार. पाणी काही दाबलं जात नाही. आतला रॉड वाकतो आणि गाडी जागच्या जागी बसते."

"मग आखूड," मी म्हणाले.

नवऱ्याने तोंड एवढंसं केलं. शेवटी गॅरेजवाल्यानेच तोड काढली. लांब पाइपमध्ये वरच्या बाजूला एक वाल्व बसवायचा. त्याला गोल चिरा, आणि चिरांवर आतून पातळ स्पंज. खालचं तोंड बुडालं की स्पंज ओढला जातो आणि इंजिन त्या चिरांतून हवा घेतं. "तेवढ्या चिरा मोकळ्या राहिल्या पाहिजेत," तो म्हणाला, "मग काळजी नाही." वाल्व बसणार असेल तरच माझा होकार, असं मी बजावलं.

रविवारी सकाळी नवऱ्याने अंगणातच काम काढलं. जुना एअर फिल्टरचा काळा डबा सोडवला, बंपर सैल केला, पाइप खाली उतरवला, क्लॅम्प आवळले. बोटं सोलून निघाली तरी स्वारी खूश. सासरे तेव्हा आत वाफ घेत बसले होते. ते बाहेर आले तोवर इंजिन चालू होतं. गाडी घुमत होती आणि त्या घुमण्यात एक बारीक शीळ होती.

माझे सासरे पाणीपुरवठ्यात पाइप जोडायचे. गल्लीत त्यांना सगळे 'पाना' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. कुठे काही गळत असलं की त्यांचा जीव टांगणीला लागे. आमच्या घरातला एकही नळ, एकही नळी त्यांच्या काळ्या टेपमधून सुटली नव्हती. घट्ट ताणून गुंडाळायचे आणि टेपचं टोक न चुकता दुमडून ठेवायचे. पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे, म्हणायचे.

त्यांनी बॉनेटवर वाकून कान लावला.

"हवा सुटतेय कुठून तरी."

"बाबा, ते तसंच असतं," नवरा म्हणाला आणि हात धुवायला गेला. बापाला काही समजावून सांगायचं म्हटलं की त्याला कंटाळा येतो. सासरे तिथेच उभे राहिले, मान तिरकी करून.

काही दिवसांनी शीळ थांबली. "बसला पाइप नीट," असं म्हणून नवरा स्वतःवरच खूश झाला. मला बरं वाटलं नाही. का ते सांगता येत नव्हतं. घरात सतत येणारा आवाज अचानक थांबला की मी उगाचच दारं-खिडक्या बघून येते, तसंच काहीसं झालं होतं.

मग एका दुपारी सासऱ्यांना दम लागला, आणि धरणाचे दरवाजे त्याच दिवशी उघडलेले. फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं. फार नाही, पण कडेचे दगड दिसत नव्हते. काठावरचा दूधटँकरवाला खिडकीतून मान काढून म्हणाला, "थांबा, मी पुढे जातो."

मागच्या सीटवर सासऱ्यांचे ओठ निळे पडत होते. मी त्यांना धरून बसले होते. "वाल्व आहे," नवरा म्हणाला आणि त्याने गाडी पाण्यात घातली.

पाणी बंपरला लागलं. मग दारांना लागलं. गाडीच्या पोटाखालून ते घासत जात होतं आणि मला पायाच्या तळव्यांना ते कळत होतं. मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. सासऱ्यांनी माझा हात दाबला.

"घाबरू नको, सूनबाई," ते धापा टाकत म्हणाले. "पाइपला... चिरा पडल्या होत्या. मी बुजवल्यात. आता थेंब... जाणार नाही आत."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. मागे फिरायला जागा नव्हती. तो काही बोलायच्या आत इंजिनातून लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. पाणी दारातून आत यायला लागलं.

टँकरवाल्याने आम्हाला वाचवलं. त्याने दोर टाकला, आम्हाला ओढत पलीकडे नेलं आणि सासऱ्यांना स्वतःच्या केबिनमध्ये उचलून घेतलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

गॅरेजवाल्याने वाल्व काढून आमच्यासमोर धरला. चिरांवरून काळी टेप, एकावर एक, सुरकुती नसलेली. टोक दुमडलेलं.

"बाबांना सांग," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? हाय खाईल तो माणूस. बॅटरी गेली म्हणायचं."

मी भांडले, गॅरेजवाल्यादेखत भांडले. "तो माणूस पुन्हा टेप हातात घेईल," म्हणाले. पण बाप त्याचा होता, आणि तो रडत होता. बॅटरी गेली असंच ठरलं. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. "तरी बरं, मी चिरा बुजवल्या होत्या," म्हणाले. "नाहीतर इंजिनच गेलं असतं." नवरा हो म्हणाला.

त्यांच्यासोबत घरी एक मशीन आलं. झोपताना नाका-तोंडावर मास्क लावायचा, मशीन आत हवा ढकलतं. मास्कच्या पुढे बारीक भोकं होती आणि त्यांतून सारखी शीळ यायची. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो, भोकं मोकळी ठेवा, असं नर्सने नवऱ्याला आणि मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. सासरे तेव्हा कपडे बदलत होते.

"हे गळतंय रे," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"बाबा, ते तसंच असतं."

"अरे, नीट सांग त्यांना," मी म्हणाले.

"सांगतो गं, सावकाश."

ते सावकाश काही उजाडलं नाही. शेवटी मीच सांगितलं, भोकं का असतात ते. सासरे मायेने हसले. "तू नको त्यात डोकं घालू, सूनबाई. आयुष्य गेलं माझं पाइपांत." खरं काय घडलं ते माहीत असतं तर ते असं हसले नसते.

दुपारी जेवून ते आत आडवे झाले. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ सोडलेला होता, त्यामुळे किती वेळ झाला ते मला कळलं नाही. नळ बंद केला तेव्हा घर गप्प होतं. मशीनचा दिवा दारातून दिसत होता, पण शीळ येत नव्हती.

मी ओल्या हातांनी धावले. उशीजवळ टेपचं रीळ होतं. मास्क ओढून काढला, हलवलं, हाका मारल्या, छाती दाबली, नवऱ्याला ओरडून बोलावलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं. अंग अजून कोमट होतं. श्वास नव्हता.

नवरा आला आणि दारातच थबकला. मग पुढे होऊन त्याने माझ्या हातातला मास्क घेतला. अंगठ्याने चाचपून टेपचं दुमडलेलं टोक शोधलं आणि ओढलं. टेप एका झटक्यात निघाली. मशीन चालूच होतं. मास्कमधून पुन्हा शीळ यायला लागली.