पाठीला लागलेली माती

"ढकल! घरून पेज पिऊन आलास काय? अंगातला सगळा जोर लाव आणि ढकल मला!"

हरेश्वर वस्ताद तालमीच्या लाल मातीत पाय रोवून उभा होता आणि फेबियन दोन्ही हातांनी त्याच्या छातीला भिडला होता. वस्तादाची पन्नाशी उलटली होती, पण गडी जागचा हलेना. भोवती नंदाखालची अख्खी फुटबॉल टीम लंगोट लावून उभी होती. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून पोरं थेट इथे आली होती, आणि त्या लंगोटांची त्यांना इतकी लाज वाटत होती की फेबियनला हसायचं धैर्यही कुणाला होईना.

तालमीत गळ्यात काही ठेवायचं नाही, हा इथला जुना नियम. पकडीत दोरा मानेला कापतो. पहिल्या दिवशी पोरं बिचकली. मग टीमचा कॅप्टन सिप्रियन म्हणाला, "मारुती काय खातोय थोडाच?" आणि त्याने आपलं क्रुसाचं मेडल काढून मारुतीच्या कोनाड्याशेजारच्या खुंटीला अडकवलं. तेव्हापासून दर रविवारी त्या खुंटीवर मेडलांचा घोस लटकायचा. हरेश्वर मारुतीला फूल वाहताना त्या घोसालाही हात लावून नमस्कार करायचा. आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे, तिचा मान राखायला नको?

हे सगळं सुरू झालं ते शेजारच्या गिरीज गावामुळे. गेल्या वर्षीच्या मॅचमध्ये गिरीजच्या धिप्पाड पोरांनी नंदाखालला नुसत्या खांद्यांनी हरवलं होतं. चेंडू नंदाखालकडे आणि नंदाखाल जमिनीवर, असा तो खेळ झाला. म्हणून सिप्रियन आगाशीला हरेश्वरच्या वाडीत आला आणि म्हणाला, "वस्तादकाका, आमाला खेळता येते. उभं राहता येत नाय."

उभं राहणं म्हणजे हरेश्वरचा हातखंडा. तरुणपणी निर्मळच्या जत्रेपासून पालघरपर्यंत एकाही फडात त्याची पाठ मातीला टेकली नव्हती. त्याची बायको सावित्री चारचौघींत सांगायची, "आमचं मानूस बाजल्यावर पण कुशीवर झोपते. पाठ टेकली तर हरेल ना!" बायका हसायच्या. हरेश्वरला त्याचा राग येत नसे, उलट मिशीला पीळ बसत असे.

तर जोर, बैठका, मल्लखांब, एकमेकांना खांद्याने रेटणं असं सगळं चाललं. पोरांच्या मांड्या भरल्या. त्यातही फेबियन म्हणजे हिराच. चेंडू पायाला चिकटल्यासारखा धावायचा, आणि आता त्याला रेटायला गेलेला स्वतःच मागे जायचा. मुंबईच्या एका गिरणीच्या टीमचा माणूस त्याला ईस्टरनंतर गिरीजशी होणाऱ्या मॅचला बघायला येणार होता. पसंत पडला तर टीममध्ये जागा आणि गिरणीत नोकरी. फेबियनला बाप नव्हता. आई थेरेसा एकटीच केळीची वाडी शिंपायची. तिने त्या मॅचसाठी नवस बोलला होता.

मॅचच्या आधी एके दिवशी फ्रेडरिक मास्तर तालमीत आले. शाळेत गणित शिकवायचे आणि तरुणपणी मुंबईत फुटबॉल खेळलेले. कडेला उभं राहून त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"वस्ताद, पोरं दांडगी केलीत तुम्ही. पण त्यांना पडायला शिकवा."

"काय शिकवू?"

"पडायला. पायावर कोणी आलं की अंग सोडायचं आणि लोळायचं. फुटबॉलात पडण्यात कमीपणा नसतो. पाय वाचतो."

हरेश्वर खदखदून हसला. पोरांकडे वळून म्हणाला, "ऐकलं काय? मास्तर बोलतात, पडायला शिका! मास्तर, पडायला शिकवणारी तालीम अजून कोणी बांधली नाय."

पोरंही हसली. मास्तर हसले नाहीत, पण वादही घातला नाही. छत्री उचलून निघून गेले.

मॅचच्या दिवशी चर्चमागच्या मैदानाभोवती माणसं दाटली होती. गिरणीचा पाहुणा फादरांच्या शेजारी खुर्चीत बसला होता. फेबियनने एक गोल केला तेव्हा पाहुणा खुर्चीतून उठला. हरेश्वरने ते पाहिलं. पोराचं काम झालं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर थोड्याच वेळाने गिरीजचा बॅक घसरत फेबियनच्या पायावर आला. चेंडूवरच आला होता, त्या पोराची काही चूक नव्हती. दुसरा कोणीही पडला असता. फुटबॉलवाले पडतातच, लोळतात, गुडघा धरतात आणि एका डोळ्याने पंचाकडे बघतात. फेबियनचाही तोल गेला. आणि कडेवरून हरेश्वर बेंबीच्या देठापासून ओरडला, "पाठ टेकू नकोस, फेबियन! पाय रोव!"

फेबियनने पाय रोवला.

सुकी झावळ मोडावी तसा आवाज झाला. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आला.

मुंबईच्या इस्पितळात पाय जोडला. पाय जुळला, पण गुडघा वाकेना. गिरणीने दुसरा कोणी घेतला. पावसाळा सरता सरता फेबियन कुबडी घेऊन घरी आला, आणि हरेश्वर रोज सकाळी तिळाच्या तेलाची बाटली घेऊन त्याचा गुडघा चोळायला नंदाखालला जाऊ लागला.

शिव्या खायची त्याची तयारी होती. थेरेसाने त्याला शिव्या दिल्या असत्या तर तो उभ्या उभ्या ऐकून सुखाने घरी गेला असता. पण थेरेसा त्याला पाट द्यायची आणि वेलची केळ्यांची फणी हातात ठेवायची.

"डाक्तर बोलला, भाऊ, अंगात एवढी ताकद होती म्हणून पोराचा पाय राह्यला. नायतर कापावा लागला असता. तुमचे उपकार हायत."

"उपकार कसले, थेरेसाबाय," एवढंच हरेश्वर म्हणायचा. आणि पुन्हा हातावर तेल घ्यायचा. घरी येऊन केळी तो सावित्रीच्या पुढ्यात ठेवायचा आणि स्वतः एकही खायचा नाही. वाटेत फ्रेडरिक मास्तर भेटले तर ते टोपी उचलून नमस्कार करायचे. 'मी सांगितलं होतं,' असं त्यांनी एकदा म्हणावं म्हणून हरेश्वर मुद्दाम थांबायचा. मास्तर कधीच म्हणाले नाहीत.

तालीम त्याने सोडून दिली. सिप्रियन दोनदा विचारायला आला, त्याला परत पाठवलं. तालमीची माती रोज खणावी लागते, तेल-ताक घालून मऊ ठेवावी लागते. तिला कुदळ लागली नाही आणि ती दगडासारखी झाली. खुंटीवर एकच मेडल उरलं होतं. मॅचच्या आदल्या दिवशी जोर काढायच्या नादात फेबियन ते तिथेच विसरला होता. हरेश्वर त्याला हात लावत नव्हता, आणि त्याच्याकडे बघणंही टाळत होता.

एका सकाळी फेबियन स्वतःच कुबडी टेकत आला.

"आय मेडल शोधते. इथं राह्यलं काय?"

"हाय तिथंच."

फेबियनने मेडल गळ्यात घातलं. कुबडीने जमीन ठोकून पाहिली. "माती दगड झाली, काका."

"होऊ दे. माझ्याजवळ शिकवण्यासारखं काय नाय."

"मी पडत होतो तेव्हा," फेबियन मातीकडे बघत म्हणाला. "अंग सोडलंच होतं मी. मग तुमची हाक आली."

"ठाऊक हाय." हरेश्वरचा आवाज फाटला. "मास्तरांनी सांगितलेलं. मी हसलो त्यांना. तुझा पाय मी मोडला, पोरा. त्या गिरीजवाल्याने नाय, मी. तुझी आय मला केळी देते आणि मी ती घेऊन येतो."

'असू द्या, काका,' असं फेबियन म्हणाला नाही. हरेश्वरला त्यात एक प्रकारचं बरं वाटलं. खोटं बोलून सुटका करणारं कोणी नको होतं त्याला.

मग फेबियन म्हणाला, "आयला मी काय सांगणार नाय. तुमी पन सांगू नका. तुमच्यामुळं पाय वाचला, एवढ्यावरच ती तगून हाय. पन सिप्रियन नि बाकीचे परत खेळणार. त्यांना पडायला शिकवा."

पुढच्या रविवारी तालमीची माती खणलेली होती. खुंटीवर पुन्हा घोस लटकला. हरेश्वरने मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हात जोडून तो म्हणाला, "मास्तर, कसं पडायचं ते सांगा."

मास्तरांनी सांगितलं. हनुवटी छातीला, गुडघे सैल, भार पाठीवर घ्यायचा. हरेश्वर शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. मग तो मातीच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि फेबियनला म्हणाला, "ढकल."

फेबियनने सिप्रियनच्या खांद्याचा आधार घेतला आणि मोकळ्या हाताने ढकललं. हरेश्वर हलला नाही. त्याला पडायचं होतं, पण पाय ऐकेनात. जन्मभराची सवय बोटांपासून टाचेपर्यंत मातीत रुतून बसली होती. त्याच्या कपाळावर घाम आला. पोरं खाली बघू लागली.

"अजून ढकल," तो म्हणाला. "जोरात."

या वेळी फेबियनने ढकललं आणि हरेश्वरने अंग सोडलं. तो पाठीवर पडला. सगळी पाठ एकदम मातीला लागली. कोणी हसलं नाही. वर कौलांतून येणारा उजेड थेट डोळ्यांत आला आणि ते भरून आले. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, "पाह्यलं ना? आता एकेकानं."

दुपारी तो उघड्याच अंगाने आगाशीच्या रस्त्याने घरी गेला. त्या पाठीकडे लोक वळून बघत होते. सावित्री विहिरीवर होती. तिने पाहिलं आणि पाण्याची कळशी घेऊन धावत आली.

"राहू दे," तो म्हणाला.

आत जाऊन तो बाजल्यावर आडवा झाला. कुशीवर नव्हे, उताणा. सावित्री दारातच थांबली. मग आवाज होऊ न देता तिने कळशी खाली ठेवली.