बेदाण्याच्या खोक्यावरची चकती

राजमतीबाईंनी जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर महाराजांचं, आणि तेही प्रवचन लांबलं नाही तर. लेक दबकून, सून वचकून, आणि बेदाण्याच्या शेडवरच्या बाया तर त्यांची चाहूल लागली की माना खाली घालून देठं खुडायच्या. एकटी हरणाबाई तेवढी उलट बोलायची. तिचं तोंड गोफण, तर राजमतीबाईंचं तोफ. फक्त नात, ब्राह्मी, समोर आली की तोफेची दारू भिजायची.

ब्राह्मी पुण्याला डिझाइनचं शिकून मिरजेला घरी आलेली. साताऱ्याचा एक व्यापारी त्यांच्या शेडवरचा बेदाणा दुबईला पाठवणार होता. खोका देखणा पाहिजे, नमुना उद्या पाहिजे, आवडला तरच माल उचलतो, म्हणाला. पोरीचं हे पहिलंच काम. कुपवाडचा छापखानेवाला दुपारपासून फोनवर फोन करत होता.

तिनं खोका रचला होता आठशे वर्षांमागच्या अरबी पोथीतल्या चित्रांवरून. त्या चित्रांत आभाळ नाही, घर नाही. कोऱ्या कागदावर खाली गवताची एक पट्टी आणि तिच्यावर ओळीनं मांडलेली माणसं. ब्राह्मीनं तऱ्हा तीच धरली, रंग मात्र आजचे, सपाट, बिनसावलीचे. मधोमध राजमतीबाई सूप घेऊन बसलेल्या, बाजूला हरणाबाई आणि बाकीच्या बाया.

लॅपटॉप शेडमध्ये आणून तिनं आज्जीपुढं धरला. राजमतीबाईंनी चष्मा पुसला, बघितलं आणि विंचू दिसावा तशा मागं सरकल्या.

"माज्या डोस्क्यामागं हे काय चिकटवलंस?"

"सोनेरी चकती गं, आज्जी. त्या पोथीतली."

"चकती? भामंडल हाय ते! भगवंताच्या मागं असतंय. आन मी कोन? सकाळीच सुनेवर वरडल्याली बाई! पाप लागंल. काड आदी."

जैनाघरची पोर. मंदिरात मूर्तीमागचं भामंडल जन्मापासून बघत आलेली, आणि ते हिच्या ध्यानातच आलं नाही. लाडानं काढलं खरं, पण लाडाला काही रीत असते की नाही?

ब्राह्मी हिरमुसली. तिनं चकती पुसली. पुसल्याबरोबर राजमतीबाईंचं पांढरं डोकं, गोरं तोंड आणि पांढरं लुगडं कोऱ्या कागदात विरघळून गेलं. उरलं सूप आणि उन्हानं रापलेले दोन हात.

"आगं, माजं तोंड कुटं गेलं?"

"म्हणूनच तर चकती होती. त्या चित्रकारांनी ती देवपण द्यायला नाही काढली. तोंड उठून दिसावं म्हणून काढली. बघ."

तिनं पोथीतली मूळ पानं उघडली. उंटवाल्याच्या मागं चकती, हजामाच्या मागं चकती, म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या मागंही चकती.

"आन ह्यो कोन पिशवी लांबवायलाय?"

"चोर."

"त्यालाबी?"

"त्यालाबी."

हरणाबाई मागून वाकून बघत होतीच. "बघा की आक्का! चोराला सोनं, आन देठं खुडून बोटं झिजल्याल्या हरणीला ठेंगा."

"तू गप. तुजं तोंड तसंबी लांबनं दिसतंय."

"दिसतंय न्हवं? मग दुबईवाल्यास्नीबी दिसू द्या की!"

बाया पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसल्या. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"दुसरं चित्र नाही माझ्याकडं, आज्जी," ब्राह्मी म्हणाली. "हे गेलं नाही, तर काहीच जाणार नाही."

राजमतीबाई पेचात पडल्या. एकटीच्या मागं चकती म्हणजे देवाची बरोबरी. कुणाच्याच मागं नको म्हणावं, तर आपलं तोंड गायब आणि पोरीचं काम पाण्यात. सगळ्यांच्या मागं म्हणावं, तर हरणीची बरोबरी. देव निदान माफ तरी करतो. हरणी जन्मभर बोलून दाखवील.

त्यांनी नातीकडं बघितलं. पोरीनं खालचा ओठ दातांत धरला होता. लहानपणी गुडघा फुटला तरी अशीच धरायची, पण रडायची नाही.

"सगळ्यांच्या मागं काड."

"सगळ्यांच्या?"

"चोराला हाय, तर माज्या शेडातल्या बायांनी काय घोडं मारलंय? पर हरणीची माज्यापरास तसूभर जरी मोटी झाली, तर तुजा लॅपटॉप हिरीत टाकीन."

ब्राह्मीची बोटं भराभर चालली. एकेक चकती उमटत गेली तसं एकेक तोंड कागदातून वर आलं. आणि खरंच, देवघराचा भास कुठल्या कुठं गेला. दिसायला लागल्या त्या कामाला बसलेल्या बाया. राजमतीबाईंनी मान हलवली आणि चित्र कुपवाडला गेलं.

हरणाबाई मात्र लॅपटॉपपुढून हलेना. राजमतीबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"काय गं, दातखीळ बसली?"

"आक्का, लगनाच्या फोटूतबी माजं तोंड पदरात हुतं." तिनं पडद्याला बोट लावलं. "आसा दिसतोय व्हय माजा मुखडा?"

"आसाच हाय. पोरीनं जरा बरा काडलाय एवडंच." राजमतीबाईंनी स्वतःच्या लुगड्याचं टोक तिच्याकडं सरकवलं. "डोळं पूस आदी. खारट बेदाणा दुबईत कोन घेत न्हाई."