चार बोटांचा चमत्कार

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी फुकट दिला तरी कुणी घेत नाही. त्या रविवारी मात्र जिन्यापासूनच गर्दी होती. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा गुडघा. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं, त्यांचंही जिन्यातल्या रेटारेटीत काहीतरी दुखायला लागलं. म्हणजे कुणाचंच येणं वाया जाणार नव्हतं.

मी गेलो होतो माझ्या वहिनीसोबत. वहिनीचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर उभ्यानं काम. काही वर्षांपूर्वी पाण्यानं भरलेलं पिंप सरकवताना तिची कंबर जी धरली, ती धरलीच. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मणक्यात आता घाबरण्यासारखं काही नाही." घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, बाईला काही झालेलंच नाही. "आमच्या वेळी बायकांना कंबरा नव्हत्या की काय?" असं आमच्या आईनं विचारलं, आणि वहिनीनं त्यानंतर 'दुखतंय' म्हणणंच सोडून दिलं.

शेवटी ती जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली. एक गोळी, रोजचं चालणं आणि साधे व्यायाम. फरक पडत होता, पण हळूहळू. माझ्या दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हळूहळू हा शब्दच सोसत नाही. तोच या चमत्काराची बातमी घेऊन आला होता.

व्यासपीठावर पांढऱ्या कपड्यांतला एक तुळतुळीत गृहस्थ तांब्याची कांडी घेऊन उभा होता. तो स्वतःला ऊर्जागुरू म्हणवत असे. मी त्याचं नाव कांडीबाबा ठेवलं.

"वेदना म्हणजे काय?" कांडीबाबा गरजला. "अडकलेली ऊर्जा! आणि ऊर्जा अडकते कुठे? जिथे दुखतं तिथे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुखतं कुठे, तर जिथे दुखतं तिथे! एवढं सखोल ज्ञान ऐकून माझ्या शेजारच्या काकांनी डोळे मिटले.

मग त्यानं वहिनीला वर बोलावलं. "ताई, उजवा हात समोर ताठ धरा. पाय हलवायचे नाहीत. आता कमरेतून मागे वळा. जिथे अडेल तिथे थांबा."

वहिनी जपून वळली. तिचं बोट भिंतीवर जिथे रोखलं गेलं, तिथे बाबानं लाल चिकटपट्टी लावली. मग तिच्या पाठीवरून कांडी फिरवली, तीनदा हुंकार दिला, एक फुंकर मारली आणि म्हणाला, "आता वळा."

वहिनी वळली. बोट लाल पट्टीच्या चांगलं चार बोटं पुढे गेलं.

हॉल उसासला. दादा खुर्चीवर चढला.

"दुखतंय?" बाबानं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ती खोटं बोलत नव्हती.

"आजपासून गोळी बंद, व्यायाम बंद! गोळी म्हणजे ऊर्जेवर अविश्वास. ऊर्जा रुसते." बायकोची कधी समजूत न काढणारा दादा लगेच ऊर्जेची समजूत काढायला धावला आणि त्यानं घरी फिरवायला एक छोटी कांडी विकत घेतली.

दोन दिवस वहिनी दुकानात गुणगुणत होती. मग तिला चक्कर येऊ लागली, घाम फुटू लागला, झोप उडाली. कंबर तर पहिल्यापेक्षा दुप्पट ठणकायला लागली. दादा सकाळ-संध्याकाळ कांडी फिरवायचा; तांबं तेवढं लखलखीत झालं. त्यानं बाबाला फोन लावला.

"कांडी बरोबर आहे," पलीकडून शांत उत्तर आलं. "श्रद्धा कुठेतरी गळतेय."

वा! कांडीची हमी पक्की, बिघाड नेहमी गिऱ्हाइकात. असा धंदा कुणाला नको?

पण त्या दुपारी दुकानात डोकावलो, तर वहिनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसली होती, आरशाकडे पाठ करून. "भाऊजी," ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. बाकीच्यांना बरं वाटलं, मलाच नाही. मीच खोटी आहे."

माझी थट्टा तिथेच आटली. बाबानं तिला दुखणं परत दिलं होतंच, वर त्याचा दोषही तिच्याच पदरात टाकला होता.

मी तिला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या रागावल्या नाहीत. "गोळी एकदम सोडलीत ना? चक्कर आणि घाम त्यानंच. ही गोळी उतरवत आणायची असते, तोडायची नसते. कशी पुन्हा सुरू करायची ते मी सांगते. आता सांगा, त्या कांडीनं काय केलं?"

वहिनीनं सगळं सांगितलं. बाई उठल्या. "हं, धरा हात समोर. वळा."

वहिनी वळली. बोट भिंतीवरच्या घड्याळापाशी थांबलं.

"बसा. पाणी प्या. दुकान कसं चाललंय?" दोन-चार गोष्टी झाल्या. "आता पुन्हा वळा."

बोट घड्याळाच्या पार पलीकडे गेलं. ना कांडी, ना हुंकार. वहिनी स्वतःच्या बोटाकडे अशी बघत राहिली, जणू ते फितूर झालंय.

"पहिल्यांदा वळताना शरीर जपून असतं," बाई म्हणाल्या. "स्नायू आवरून धरतात. दुसऱ्यांदा त्यांना कळलेलं असतं की इथे धोका नाही. शिवाय कुठवर गेलो ते डोळ्यांना दिसलेलं असतं. बहुतेक सगळ्यांचं असंच होतं."

"पण मला तिथे खरंच दुखत नव्हतं."

"खरंच नव्हतं. आशा, गर्दी, कुणीतरी मायेनं विचारणं, यानं मेंदू दुखणं काही वेळ खाली आणतो. हॉल सुटला की तेही सुटतं."

वहिनीचा चेहरा कडक झाला. "म्हणजे माझं दुखणं मनाचं?"

"अजिबात नाही. घरचं कुत्रं चोरावर भुंकतं. एकदा मोठी चोरी झाली की ते पोस्टमनवरही भुंकायला लागतं. भुंकणं खरंच असतं, चोर मात्र नसतो. तुमची इजा केव्हाच भरली, पण मज्जासंस्था अजून भुंकतेय. कुत्र्याला मारून उपयोग नाही. पोस्टमनची ओळख करून द्यावी लागते. रोज थोडं चालणं, थोडं वळणं, पुरेशी झोप. वेळ लागतो. तुमच्या कमरेला वळता येतं, हे तर त्या माणसानंच भर सभेत सिद्ध केलंय!"

दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला भिंतीसमोर उभं केलं. एक बाई तर अर्धेच केस कापलेले असताना उठून वळल्या. बहुतेक सगळ्या दुसऱ्या खेपेला पुढे गेल्या.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच हॉलमध्ये गेलो, तेव्हा बाबानं वहिनीला हौसेनं वर बोलावलं. "सांगा ताई, आपला अनुभव."

"सांगते की," असं म्हणून वहिनीनं माइक हातात घेतला. "महाराज, जरा कांडी खिशात ठेवा. बाकी सगळ्यांनी उभं राहा. ज्यांना झेपेल त्यांनी हात समोर धरा आणि वळा."

हॉल वळला. एकमेकांच्या नाकांना बोटं लागली. वहिनीनं सगळ्यांना जरा थांबवलं, दोन श्वास घ्यायला लावले आणि पुन्हा वळायला सांगितलं. हॉलभर "अरेच्चा!" उमटलं.

बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पाहिलंत?" तो ओरडला. "माझ्या नुसत्या उपस्थितीनं एवढी ऊर्जा!" आणि काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"आठवडाभर माझ्या दुकानात हेच होतंय," वहिनी म्हणाली. "तिथे तुम्ही कुठे होतात?"

"ऊर्जेला अंतर नसतं, ताई."

"मग कांडी कशाला विकता?"

मग मागे काठी टेकून उभे असलेले एक आजोबा खो खो हसले. एक तरुणी उठली. "माझ्या आईच्या गोळ्या बंद करायला लावल्यात. ती चार रात्री तळमळतेय. त्याचं काय?" मग आणखी दोघं उठली. बाबाला अचानक दुसऱ्या ठिकाणचा कार्यक्रम आठवला.

सगळेच शहाणे झाले असं नाही. जाता जाता काहींनी कांड्या घेतल्याच. न जाणो, असावी घरात! ऐकतो की बाबा आता दुसऱ्या गावात गुडघे मोकळे करतोय.

वहिनीची कंबर अजूनही काही दिवस दुखते. ती आता उंच स्टुलावर बसून केस कापते, दोन गिऱ्हाइकांमध्ये चार पावलं टाकते आणि दुखलं तर सरळ 'दुखतंय' म्हणते. गोळी निम्म्यावर आली आहे, डॉक्टरांच्या सांगण्यानं. परवा ती दादाबरोबर टेकडीवर जाऊन आली. दादाला मध्येच बसावं लागलं, तिला नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका. कमरेला झेपत असेल तर भिंतीसमोर उभे राहा, वळा, दोन श्वास घ्या, पुन्हा वळा. आणि एवढं करा: कुणी 'मला दुखतंय' म्हणालं, तर पुरावा न मागता विश्वास ठेवा. कुणी 'मी ते फुंकरीनं घालवतो' म्हणालं, तर पुरावा मागितल्याशिवाय सोडू नका. आपण आजवर नेमकं उलटं करत आलोय.